कूळ विचारू नये

विंडहुकच्या वनस्पती-संग्रहालयात
बाविसावं कपाट, तिसरा खण:
काकडीचं कूळ.
डांबरगोळ्यांचा वास, टीपकागद,
आणि चपटे झालेले वेल,
ज्यांच्या तणाव्यांना आता धरायला काही नाही.

माझं काम साधं.
फुलाचं पोट कापायचं, केसर मोजायचे,
परागकण भिंगाखाली फिरवायचे
आणि ठरवायचं, कोण कोणाचं.

परवा निकाल आला. पानांच्या चुऱ्यातून काढलेला.
इतकी वर्षं एकाच घडीत शेजारी निजलेल्या दोघी,
किनाऱ्याच्या वाळवंटातली काटेरी नारा
आणि कलहारीतली ती जमिनीलगत पसरणारी,
सख्ख्या नव्हत्याच.
दुसरी निघाली कलिंगडाच्या घरची.

मी तिचा कागद उचलला, नवी चिठ्ठी डकवली.
जुनं नाव आम्ही खोडत नाही,
त्याच्याशेजारी नवं लावतो,
दुसऱ्या लग्नासारखं.

नारा उरली एकटी.
अख्ख्या प्रजातीत एकच जात,
दारावर एकच पाटी.

ताजा नमुना हवा, म्हणून क्वीसेबवर गेले.
नदी म्हणजे वाळूच.
पूर आला तर पाच-सात दिवस,
नाही तर नुसतं नाव.
नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
मी दोन्ही विचारत निघालेली,
हातात छाटणीची कात्री घेऊन.

टेकाडावर ती.
पान नाही. एकसुद्धा नाही.
हिरव्या खाचदार दांड्या, जोडीजोडीने काटे.
वाळू चढते तशी तीही वर चढते,
आणि मूळ खाली, खाली,
नदी जिथे लपून वाहते तिथवर.
धरायला झाडच नाही म्हटल्यावर
तणाव्यांचेच काटे झाले असावेत.
(हे मी टिपणात लिहिलं. पुढे प्रश्नचिन्हही.)

गाढवांची गाडी थांबवून एल्फ्रीदा उतरली.
साठीची, हातांना काळी भेगाळ कातडी.
‘कापायच्या आधी विचारायचं.
हे माझ्या आईचं. ते पलीकडचं
रुडोल्फच्या मावशीचं, त्याला हात लावू नको.
हा नर, नुसता फुलतो बारा महिने, खाणार काय?
ही गोड. ती तोंड जाळते.
त्या कडेच्या झुडपाचं फळ कोल्हा आधी खातो,
म्हणजे पिकलं समजायचं.’
सहा झुडपं, सहा जाती.
माझ्या वहीत एकच.

तिने एक फळ फोडलं. पिवळा गर, चिकट.
मी घाईने कडेचा तुकडा तोंडात टाकला
आणि ओठ पेटले.
ती पोट धरून हसली:
‘कूळ कळलं?’

पिंपात गर रटरटत होता.
बिया गाळून वेगळ्या, उरलेलं वाळूवर पातळ ओतलेलं,
उन्हात चामड्यासारखं होईपर्यंत.
मी तिला कलहारीतल्या बहिणीची गोष्ट सांगितली.
तिने ढवळणं थांबवलं नाही.
‘आम्ही कधी म्हटलं बहीण म्हणून?’

परत येऊन चिठ्ठी टंकली.
ठिकाण, उंची, माती, संकलक.
मालकाला रकाना नव्हता.
‘एल्फ्रीदाच्या आईचं झुडूप’
शेऱ्यात घातलं.
स्थानिक नावाच्या आधीचं उद्गारचिन्ह
संगणकाने गाळलं, चूक समजून.
ते चिन्ह म्हणजे आवाज आहे:
जीभ टाळूवरून सुटते,
बाटलीचं बूच उघडावं तशी, टॉक्,
आणि मग नारा.

पेन्सिलीने ते परत काढलं.
मग रिकाम्या दालनात, कपाटासमोर,
म्हणून पाहिलं.
मी उत्तरेची, ओशाकातीची.
माझ्या जिभेला नुसतं चुकचुकणं जमतं,
कुणाची कीव करावी तसं.

हिची कसली कीव.
पुन्हा म्हणते.
ओठ अजून चुरचुरतोय.